करंडकावरचं नाव

शारजा,
गुरुवार, दुपार

प्रिय अब्बा,

सलाम. हे पाकीट सुट्टीवर निघालेला झुबेरभाई तुमच्या हातात देईल. त्याला मी बजावून सांगितलंय की हर्णैला पोचल्यावर आधी तुमच्याकडे जायचं आणि पाकीट अम्मीकडे द्यायचं नाही. अम्मीला चष्मा लावून मोठ्याने वाचायची सवय आहे, आणि हे पत्र मोठ्याने वाचण्यासारखं नाही. फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी दोन वाक्यं बोलते, तुम्ही "खलास" म्हणता आणि फोन अम्मीला देता. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहितेय. मराठी लिहायची सवय मोडलीय. चुका दिसतील, त्या सोडून द्या.

इथलं ठीक आहे. दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या शाळेच्या मैदानाची जाळी बसवून झाली. प्रिन्सिपॉल बाई फार खूश होत्या, "मिस्टर सारंग कसे आहेत?" म्हणून विचारत होत्या. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. वर्कशॉपमध्ये जाळ्या शिवायचं नवं मशीन आलंय, पण जुने कारीगर त्याला हात लावत नाहीत, सुई-सुतळीच बरी म्हणतात. तुमचा नातू मोईन उंचीला माझ्या खांद्याशी आलाय. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. मराठीत फक्त "भूक लागली" एवढंच म्हणतो, ते मात्र अगदी अम्मीसारखं.

तुम्ही परत परत विचारताय की लीगच्या बक्षीस समारंभाचा व्हिडिओ का पाठवला नाही. मी कधी म्हटलं नेट स्लो आहे, कधी म्हटलं फाइल मोठी आहे. फाइल मोठी नाही, अब्बा. तुम्हाला तो दाखवायची मला लाज वाटत होती. नक्की कोणाची लाज, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तुम्हाला बेसबॉलचा नाद कसा लागला ते मला लख्ख आठवतंय. अमेरिकन शाळेच्या मैदानाचं माप घ्यायला गेलात आणि दिवस मावळेपर्यंत परत आला नाहीत. अम्मी काळजीत. आलात ते थेट स्वयंपाकघरात शिरून लाटणं उचललंत आणि आम्हाला दाखवायला लागलात, पिचर म्हणजे आपला बोलर, बॅटर असा उभा राहतो, चेंडू टप्पा न पडता येतो. अम्मी म्हणाली, "क्रिकेटमध्ये काय कमी होतं?" तुम्ही म्हणालात, "अगं, क्रिकेटमध्ये एकदा आउट झालं की गेला दिवस. यात माणसाला परत परत उभं राहता येतं." मी तेव्हा शाळेत होते. हर्णैच्या बंदरावर बापाच्या मागे जाळी ओढत वाढलेला माणूस बेसबॉलवर असा जीव टाकतो, याचं मला काय कौतुक वाटायचं! पुढे तुम्ही फिलिपिनो, जपानी, पाकिस्तानी आणि आपली टेनिस बॉल खेळणारी कोकणातली पोरं एकत्र केलीत, टीमना मालक शोधलेत, खेळाडूंना करार आणि फी मिळवून दिलीत आणि खाडी लीग उभी केलीत. मैदानांना जाळ्या फुकट दिल्यात. हे सगळं खरं आहे. या पत्रात पुढे जे येईल त्याने ते खोटं ठरत नाही, एवढं आधीच लिहून ठेवते.

आणि सर्वोत्तम खेळाडूचा करंडक. दरवर्षी तो देताना तुम्ही तीच गोष्ट सांगायचात, आणि लोक दरवर्षी ती ऐकायचे. अमेरिकेत १९१० साली एका मोटार कंपनीने जाहीर केलं की ज्याची बॅटिंगची सरासरी सगळ्यात जास्त, त्याला नवी कोरी गाडी. दोघांत चुरस. त्यातला एक बॅटर सगळ्यांचा नावडता. म्हणून शेवटच्या दिवशी समोरच्या टीमने आपला फील्डर मुद्दाम मागे उभा केला, की दुसऱ्याने चेंडू नुसता हळूच ढकलावा आणि धावत सुटावं. इतका बोभाटा झाला की कंपनीला दोघांनाही गाड्या द्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आकडे सोडले आणि पत्रकारांना सांगितलं, टीमला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुम्हीच निवडा. ते बक्षीसही चार वर्षांत बंद पडलं. मग विसाच्या दशकात दुसरं आलं, त्यात एकदा जिंकलेल्याला परत मिळत नसे, म्हणजे सगळ्यात मोठे खेळाडूच बाहेर. शेवटी १९३१ साली पत्रकारांच्या संघटनेने ते हातात घेतलं आणि ते आजपर्यंत चालू आहे. इथे थांबून तुम्ही बोट वर करायचात. "सांगायचं काय, तर बक्षीस आकड्याला नसतं, माणसाला असतं." टाळ्या. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा लीगने त्याला हारुन सारंग करंडक असं नाव दिलं. त्या दिवशी मी रडले होते.

या वर्षी तो देवांशला मिळाला. तो तुम्हाला आठवेल, शाळेत असताना वडिलांबरोबर आपल्या वर्कशॉपमागच्या सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात यायचा, गोल चेहऱ्याचा. आता चांगला उंचपुरा झालाय. पत्रकार आणि कोच, जवळजवळ सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. बर दुबईच्या हॉटेलात समारंभ होता. तुम्ही नाही म्हणून करंडक मी दिला. माझी ओळख करून देताना तुमचं नाव आलं आणि हॉल उभा राहिला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. देवांशने माइक घेतला. इंग्रजीत बोलला. आधी आईवडील, मग कोच. मग म्हणाला, "मी आजवर ज्यांच्यासमोर बॅट धरली त्यातला सगळ्यात भारी पिचर या लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. तो या मैदानांच्या जाळ्या बांधायचा. महादू, धिस इज युवर्स." लोक हसले. त्यांना वाटलं, पोरगा गंमत करतोय. मीही हसले. माइकच्या जवळ होते, त्यामुळे व्हिडिओत सगळ्यात मोठा आवाज माझ्याच हसण्याचा आहे. देवांश हसला नाही. त्याने करंडक टेबलावर ठेवला आणि खाली उतरला.

विसरला असेल म्हणून मी करंडक घेऊन त्याच्यामागे पार्किंगपर्यंत गेले. साडी सावरत, धापा टाकत. "अरे, ट्रॉफी विसरलास!" तो म्हणाला, "विसरलो नाही, आंटी." मी करंडक त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "यू रिअली डोन्ट नो?" म्हणाला. आवाज चढला नाही, पण त्याच्या तोंडावर माझी कीव होती. "आस्क अंकल," म्हणाला आणि गाडीत बसला.

मी अंकलना विचारलं नाही. मी राजन कोचकडे गेले. तुमचा इतक्या वर्षांचा माणूस, तुमच्याविषयी वाकडं बोलणार नाही, अशी माझी खात्री होती. त्यांनी चहा मागवला आणि आपल्या मल्याळी हिंदीत म्हणाले, "मॅडम, ये बात आप को घर में किसी ने नहीं बताया?" आणि सांगितलं.

महादू आपल्याच कंपनीच्या व्हिसावर होता. माण तालुक्यातला, खांब उभे करायच्या गँगमधला. एकदा सरावाच्या पिंजऱ्यातलं चेंडू फेकायचं मशीन बिघडलं आणि तो म्हणाला, मी टाकू का. त्याने चेंडू टाकला आणि लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूची बॅट हवेतच फिरली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग दर शुक्रवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, तो पिंजऱ्यात येऊन टाकायला लागला. लीगचे सगळे बॅटर त्याच्यावर तयार झाले. राजननी त्याला टीममध्ये घ्यायचं ठरवलं. तो तुमचा कामगार, म्हणून तुमची परवानगी हवी होती. तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला, पुढच्या सीझनला." पुढच्या सीझनलाही तेच म्हणालात. त्याच्या पुढच्याही. राजननी एकदा जोर केला तेव्हा तुम्ही त्यांना ऑफिसचं दार लावायला सांगितलंत आणि म्हणालात, "राजन, स्टँडमध्ये फॅमिली बसतात. लेबर कॅम्पात राहणारा माणूस टीव्हीवर दिसला तर स्पॉन्सर मला काय विचारतील? आणि याला सोडला तर उद्या गँगमधला प्रत्येक जण बॉल घेऊन उभा राहील." हे शब्द राजनना पाठ आहेत. मग दुसऱ्या टीमच्या मालकांनीही आपापल्या कामगारांबाबत हेच धरलं. सारंगसाहेब आपला माणूस देत नाहीत, आम्ही कशाला देऊ? लीगचा असा काही नियम नाही, अब्बा. कोणी कधी केलाच नाही. पण इतक्या सीझनमध्ये कॅम्पात राहणारा एकही माणूस कुठल्या टीममध्ये आला नाही.

मला पहिल्यांदा राजनचाच राग आला. मग वाटलं, यात काहीतरी दुसरी बाजू असेल. म्हणून गँगच्या जुन्या मुकादमाकडून नंबर काढला आणि महादूला गावी फोन लावला. मनात होतं की तो गरीब आवाजात "जाऊ द्या बाईसाहेब" म्हणेल आणि मी सुटेन. तसं झालं नाही. कोण बोलतंय ते कळल्यावर तो मोठ्याने हसला. "सारंगसाहेबांची लेक! आवो, तुमच्या लीगमधल्या एकाला तरी माझा चेंडू लागला का, तेवढं इचारा की!" मग त्याने एकेकाचं नाव घेऊन कोणाला कसा चकवला ते सांगितलं. मध्येच बायकोला हाक मारून म्हणाला, "नर्मदे, दुबईचा फोन हाय, म्या सांगत हुतो त्ये खोटं न्हवतं!" बायकोला ते आजवर खरं वाटलं नव्हतं, अब्बा. बेसबॉल नावाचा खेळ असतो यावरच तिचा विश्वास नव्हता. मी त्याला तुमच्याबद्दल विचारलं. म्हणाला, "साहेब वाईट न्हवतं. मला कावीळ झाली तवा सोत्ता गाडीत घालून दवाखान्यात न्हेलं. पगार कधी थकवला न्हाय. खोटं कशाला बोलू?" मग थांबला. "पण एक डाव तरी टाकू द्यायचा हुता. पैशासाठी न्हाय ओ. त्यो माइकवाला प्रत्येकाचं नाव पुकारतो ना, तसं एकदा पुकारलं असतं. गावाकडं कुणाला दावायचं तर दावलं असतं." मी म्हटलं, पुढच्या सीझनला पाहुणा म्हणून या, तिकीट पाठवते. तर म्हणाला, "आता काय करू यिऊन? खांदा वर जात न्हाय. आन बसून बघायला म्या काय म्हातारा झालो का?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला एक सवय लागलीय. मैदानावर गेले की मी जाळीकडे बघत नाही. माझं कॉलेज, माझी गाडी, हे ऑफिस, सगळं या जाळ्यांवर उभं आहे, आणि त्या कोणी बांधल्या हे मी आजवर विचारलं नव्हतं. परवा एका नव्या खेळाडूची आई येऊन म्हणाली, तुमचे वडील इकडे आले की त्यांच्यासोबत एकदा मुलाचा फोटो काढायचाय. माझे कान तापले. मी कामाचं काहीतरी निमित्त सांगून निघून गेले. लाज तुमची वाटते, आणि मग बापाची लाज वाटते याची लाज वाटते. तुम्हीच आम्हाला सांगायचात, तुम्ही नवे आलात तेव्हा एका हॉटेलात निरोप द्यायला गेलात आणि पायात सेफ्टी शूज बघून दरवानाने लॉबीत येऊ दिलं नाही. ते सांगताना आजही तुमचे डोळे भरतात. माझ्या डोक्यात ही दोन माणसं एकत्र बसत नाहीत, अब्बा. दारात उभा केलेला आणि दार लावून घेणारा. मी बसवायचा खूप प्रयत्न केला.

तुमची अमेरिकेची गोष्ट १९३१ ला संपते. लीगच्या पुस्तिकेसाठी मी ती पुढे वाचली. त्या बक्षिसाच्या फलकावर १९४४ पासून एका माणसाचं नाव असायचं. बेसबॉलचा पहिला कमिशनर. खेळाला सट्टेबाजांपासून वाचवणारा म्हणून त्याचा मोठा मान. पण तो असेपर्यंत मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू आला नाही. तिथेही कागदावर नियम नव्हता. पंचाहत्तर वर्षं त्याचं नाव फलकावर राहिलं आणि ज्या काळ्या खेळाडूंनी बक्षीस जिंकलं त्यांनी ते नाव घरात भिंतीवर लावलं. २०२० मध्ये जुन्या विजेत्यांपैकी काही जण, काळे आणि गोरे दोन्ही, उघड बोलले. पत्रकारांच्या संघटनेने मतं घेतली आणि नाव काढलं. बक्षीस तसंच चालू आहे. तुम्ही हे वाचलं होतंत का, मला माहीत नाही. तुमच्याइतकं या खेळाचं वाचन इथे कोणाचं नाही, म्हणून विचारावंसं वाटतं. आणि उत्तर ऐकायची भीतीही वाटते.

मोईनने एक दिवस मला ऑफिसात बसून रडताना पाहिलं. मी त्याला थोडंफार सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बट नाना इज नाइस." मी म्हटलं, हो, आहेत. "देन व्हाय?" याचं उत्तर तुम्हीच त्याला द्या कधीतरी. तो तुमचं ऐकेल.

आता मुद्द्याचं. मंगळवारी लीगच्या समितीची बैठक झाली. देवांशने अजून करंडक नेला नाही, तो आपल्या वर्कशॉपच्या कपाटात आहे. यावर काय करायचं, हा विषय होता. तुम्हाला वाटेल की तुमचे शत्रू टपून बसले होते. तसं काही नव्हतं. सगळे तुमच्याच बाजूचे. एक जण म्हणाला, पोरगा तरुण आहे, निवळेल. दुसरा म्हणाला, हारुनभाईंच्या उपकारात आपण सगळे आहोत, नाव काढायचा प्रश्नच येत नाही. राजन खाली मान घालून बसले होते. चहा आला, विषय संपल्यात जमा होता. तेव्हा नाव काढावं हा ठराव मी मांडला, अब्बा. तुमच्या लेकीने. आवाज इतका कापत होता की अध्यक्षांनी परत बोलायला सांगितलं आणि मला ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मग एकेक हात वर झाला, माझ्याकडे न बघता. या सीझनपासून तो नुसता खाडी लीगचा करंडक असेल, आणि कॅम्पातल्या माणसांची निवड चाचणी पहिल्यांदाच होईल. लीग हे सोमवारी जाहीर करणार आहे. म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत ते हर्णैच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असेल आणि मशिदीतून येताना कोणीतरी तुम्हाला थांबवून विचारेल. ते तुम्हाला परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. रविवारी सकाळी मी घरी पोचतेय, एकटीच, मोईनला शाळा आहे. अम्मीला अजून सांगितलं नाही. सोमवारी मी तुमच्या शेजारी बसलेली असेन. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, मी ओट्यावर बसेन. पण रागवायचं असेल तर समोर बसवून रागवा, खलास म्हणू नका.

तुमचीच,
नबिला हारुन सारंग